विजेचा गुराखी

गुराखी मेल्याचं आधी गाईंना कळलं, मग माणसांना.

गुरुवारी सकाळी एउसेबिया चीज दाबायला बसली होती. साच्यावर दगड ठेवला, वर आपला गुडघा ठेवला, आणि पाणी निथळायची वाट बघत राहिली. काहीतरी राहून गेलंय असं तिला सारखं वाटत होतं. चूल बघितली, दार बघितलं, कोंबड्या बघितल्या. सगळं जागच्या जागी होतं. मग लक्षात आलं की बाहेरची टिकटिक थांबलीय. फेब्रुवारीपासून रात्रंदिवस चालणारी टिकटिक. कानाला तिची इतकी सवय झालेली की ती बंद पडल्याचा आवाज तेवढा उरला होता.

ती बाहेर आली तोवर तिन्ही गाई तार ओलांडून शेजारच्या इपोलिताच्या सातूत पोटापर्यंत शिरल्या होत्या. पुढे अबोगादा, म्हणजे वकीलीण. कुठल्याही कुंपणात तिला फट सापडते म्हणून हे नाव. मागे तिची दोन अशिलं.

"फोर्तुनातो! गुराखी मेला!"

तिचा नवरा फोर्तुनातो भिंतीला टेकून उन्हात बसला होता. गेल्या वर्षी बैलाने त्याचं कंबरेचं हाड चिरडलं. तेव्हापासून तो काठीने चालायचा आणि मोठ्याने ओरडायचा. त्याने गोफण काढली, बसल्या जागेवरून खडा मारला. खडा गाईंच्या डोक्यावरून गेला. एउसेबिया पोयेऱ्याचे, घेरदार झग्याचे, घोळ कमरेला खोचून धावली. हांकोउमासारख्या डोंगरगावाच्या उंचीवर बावन्नाव्या वर्षी धावलं की छातीत लोहाराचा भाता चालतो. गाई बाहेर काढेपर्यंत सातूत बैलगाडी फिरावी तशा तीन वाटा पडल्या होत्या.

हा गुराखी म्हणजे पावाच्या डब्याएवढा एक पिवळा डबा. बॅटरीवर चालणारा. तो तारेत दर सेकंदाला एक झटका सोडतो. गाय एकदा नाकाने शिवते, मग जन्मभर लांबून वळते. दोघं मुलं अरेकीपाच्या खाणीत, धनी काठीवर, घरात धडधाकट अशी एकटी एउसेबिया. तिने गाई राखायच्या तर चीज कोण करणार, आणि चीज करायचं तर गाई कोण राखणार? म्हणून कार्निव्हालच्या आधी कालवड विकून डबा आणला होता. आता डबा मेला, आणि दुपारच्या आत गुरांच्या बेनितो व्यापाऱ्याचा निरोपही आला: बुधवारी येतो, दोन गाई बघतो. तो निरोप फोर्तुनातोनेच मागवला होता, हे एउसेबियाला ठाऊक होतं. 

"वर्षाची वॉरंटी आहे," ती म्हणाली. "उद्या हुलियाकाला जाते. बुधवारच्या आत चालू डबा आणते. गाई विकायच्या नाहीत."

"शहरातले लोक दिलेलं परत घेतात होय?"

"मागून तर बघते."

शुक्रवारी तिने गाई खुंट्यांना बांधल्या, त्यांच्यामध्ये दगडावर फोर्तुनातोला गोफणीसकट बसवलं, डबा पट्ट्यापट्ट्यांच्या फडक्यात गुंडाळून पाठीशी बांधला आणि कॉम्बीत, शहराच्या वडापगाडीत, चढली. डब्याचं खोकंसुद्धा घेतलं. ते तिने जपून ठेवलं होतं. त्यात कोंबडी अंड्यावर बसायची.

शेतीसामानाचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर. मालक विलबेर गोरागोमटा, हसरा, नखं कापलेली. पँट घातलेली बाई आली की तो 'सेन्योरा, काय देऊ?' म्हणतो. पोयेरा आणि हॅट आली की 'मामिता'. मामिता म्हणजे आईच की. पण लहान मुलाच्या गालाला हात लावून म्हणावं तशी.

"काय झालं मामिता?"

"गुराखी मेला."

त्याने डबा उलटा केला, पालथा केला, स्क्रूवरचं सील नखाने उचकटलं आणि झाकण काढलं. आत सगळं हिरवंगार. तांब्यावर शेवाळ धरावं तसं. मग त्याने झाकण नाकाजवळ नेलं, आणि चेहऱ्यावर असं हसू आलं की जणू तिच्या झग्याखालून कोंबडी सापडली.

"बिअर!" तो म्हणाला. "मारिबेल, इकडे ये. वास घे. बिअर ना?"

काउंटरवरची मारिबेल आली, तिने वास घेतला आणि मालकाकडे बघून मान हलवली. झाकणावर एक तपकिरी ओघळ वाळलेला होता, आणि खाचेत गुलाबी कागदाचा चिकटलेला तुकडा.

"शिंपण केलीस ना मामिता? खरं सांग."

"केली. कार्निव्हालच्या मंगळवारी. नवी वस्तू घरात आली की करतातच."

"विजेच्या वस्तूवर? बिअर?" तो आता दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. "गाईला पाजायची, नवऱ्याला पाजायची, डब्याला कशाला? वॉरंटी गेली. कागदावर सातवा मुद्दा आहे. द्रवपदार्थाने झालेलं नुकसान दुकान भरून देत नाही."

दोघंतिघं हसले. एउसेबियाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने खोकं काउंटरवर ठेवलं. त्यावर हसरी गाय छापलेली, गाईवर ढग, ढगातून निळे थेंब.

"हे काय काढलंय?"

"पाऊस."

"म्हणजे हा पावसात चालतो."

"पाऊस वेगळा आणि बिअर वेगळी."

"बिअर फेब्रुवारीत पडली. मेला एप्रिलात. मधे दोन महिने रोज पावसात उभा होता आणि टिकटिक करत होता. इतकी सावकाश चढणारी बिअर तुमच्याकडे कुठं मिळते? फोर्तुनातोला सांगते, तो एका बाटलीत महिना काढेल."

आता जे हसले ते वेगळ्या बाजूने हसले. विलबेरचं हसू मात्र आवरलं गेलं.

"आणि सील तर तुम्ही आत्ता तोडलंत," ती म्हणाली. "मी आत बघितलंच नव्हतं. आत पाणी कसं गेलं ते विचारायला मी आले, आणि तुम्ही मलाच विचारताय."

"मामिता, माझा वेळ घेऊ नको. नवा घे, थोडं कमी करून देतो."

तिची नजर गल्ल्यामागच्या भिंतीवर गेली. तिथे प्रत्येक दुकानात असते तशी पाटी होती, निळ्या वहीचं चित्र असलेली: या दुकानात तक्रार-वही आहे. इतकी वर्षं तिने ती पाटी बघितली होती. देवाच्या तसबिरीकडे बघतात तशी, काही मागायचं म्हणून नव्हे.

"मग ती वही द्या."

"संपली. नवी छापायला टाकलीय."

"कधी येणार?"

"सोमवारी," विलबेर म्हणाला. "सोमवारी ये." जो माणूस परत येणार नाही त्याला जितकं सहज सांगता येतं, तितकं सहज.

शनिवारी पहाटे शेत पांढरं झालं. या वर्षी दव लवकर गोठायला लागलं होतं. इपोलिता आपल्या सातूत पावलं मोजत आली, बोटं दुमडत, ओठ हलवत.

"बारा पेंढ्या," ती कुंपणापलीकडून म्हणाली.

"आठ."

"तुझ्या वकिलिणीने मध्ये बसून रवंथ केलाय, एउसेबिया. ती जागा तर सपाट झालीय. बारा."

एउसेबिया विळा घेऊन आपल्या शेतात बसली. सातूची ताटं गोठलेली, हाताला काचेसारखी लागायची. बोटांच्या पेरांना चिरा गेल्या. बारा पेंढ्या बांधल्या, दोन-दोन करून पाठीवरून नेल्या आणि इपोलिताच्या अंगणात टाकल्या. या पेंढ्यांवर तीन गाईंनी कोरड्या, बिनचाऱ्याच्या ऑगस्टचे आठ दिवस काढले असते.

"गुराख्याला दारू पाजलीस म्हणे," इपोलिता म्हणाली. कॉम्बीतून गेलेली बातमी माणसाच्या आधी घरी येते. "काय म्हणाला दुकानदार? डब्याने आधी कुणावर उलटी केली?"

"हसून घे."

"हसतेय कुठं? मी टीव्हीवर मक्याची चिचा दारू ओतली होती. तो अजून चालतो." तिने पेंढ्या मोजल्या, मग दोन उचलून परत एउसेबियाच्या अंगावर टाकल्या. "दहा. जास्त मोजलं होतं मी."

रविवारी फोर्तुनातोला बोलायचं होतं, पण तो सुरुवात करत नव्हता. चुन्यो सोलत बसला. थंडीत गोठवून वाळवलेल्या त्या काळ्या बटाट्यांची सालं बोटांनी निघतात. तो सुरीने काढत होता, म्हणजे मनात काहीतरी होतं.

"उद्या जाशील तर एक कर," तो शेवटी म्हणाला. "शिंपण केली असं म्हणू नको. वास असेल कसला तरी, म्हणायचं. कारखान्यातला. शेजारणीने सांडलं, म्हणायचं."

"मी परवा सांगितलंय. सगळ्यांसमोर."

"लिहिताना लिहू नको ना. लिहिलेलं तेवढंच खरं धरतात ते." त्याने बटाटा ठेवला. "चूक माझी होती. चार थेंब पुरले असते. मी अर्धी बाटली ओतली. त्या दिवशी मला बरं वाटत होतं, एउसेबिया. वर्षभरात पहिल्यांदा काठी सोडून उभा होतो."

तिला तो दिवस आठवला. डब्याला रंगीत कागदाच्या माळा घातल्या होत्या. फोर्तुनातोने आधी भुईला घोट दिला, मग डब्याच्या चार कोपऱ्यांवर, मग बाटली जास्तच कलली, आणि त्याला हसू आलं.

"भुईला दिलं ते चोरून दिलं का आपण?" ती म्हणाली. "शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर दिलं, गाणं म्हणून दिलं. आता एका डब्यासाठी शहरात जाऊन म्हणू, छे, आम्ही नाही देत? पाचामामाने, भूमातेने, विचारलं की माझा घोट कुणी नाकारला, तर तिला काय वॉरंटीचा सातवा मुद्दा दाखवू?"

"मग डबा मिळणार नाही."

"न मिळो. पण मिळाला तर खरं सांगून मिळेल."

"आणि बुधवारी बेनितो येईल," फोर्तुनातो म्हणाला. तिने बटाट्यांची टोपली आपल्याकडे ओढली. उरलेले बटाटे दोघांनी मिळून सोलले.

सोमवारी हुलियाकाचा बाजार. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वही कपाटात, किल्ली मालकांकडे, मालक बाहेर, असं मारिबेल एका दमात पाठ म्हटल्यासारखी म्हणाली.

"थांबते," एउसेबिया म्हणाली, आणि दाराच्या आत, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. फडक्यातून लोकर काढली, चाती काढली, कातायला लागली.

मारिबेलने लादी पुसली. "पाय घ्या जरा." तिने पाय घेतले. अर्ध्या तासाने परत पुसली. पाणी पोयेऱ्याच्या काठाला लागलं. तिसऱ्यांदा बादली घेऊन आली तेव्हा त्या पोरीलाच लाज वाटली असावी, फडकं तिने लांबूनच फिरवलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, मला सांगतात तसं करावं लागतं."

"कर ना. लादी स्वच्छ राहील."

मागच्या खोलीतून तळलेल्या ट्राउट माशाचा वास येत होता. बाहेर गेलेला मालक आत बसून जेवत होता. एउसेबियाने फडक्यातून किन्वाचा मुटका काढला, चीजच्या तुकड्याबरोबर खाल्ला. चाती पुन्हा फिरवली. दुपारपर्यंत चांगला गुंडा झाला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिच्यावरून पाय टाकावा लागत होता, आणि प्रत्येक जण विचारत होता, "काय गं, आजारी आहेस का?" ती प्रत्येकाला सांगत होती, "नाही, तक्रार-वहीची वाट बघतेय."

एक वाजता विलबेर तोंड पुसत बाहेर आला. वही हातात होती. जुनीच, पहिलं पानसुद्धा कोरं.

"लिहिता येतं?" त्याने विचारलं.

"येतं. सावकाश येतं. तुम्हाला घाई असेल तर बसून घ्या."

ती काउंटरपाशी उभी राहिली. हॅट काढून बाजूला ठेवली. शाळा तिसरीत सुटली. पुढचं ती रेडिओवरच्या शिकवणीत शिकली होती, चुलीपाशी, रेडिओच्या मागून म्हणत म्हणत. त्यामुळे तोंडाने म्हटल्याशिवाय तिच्या हातून अक्षर उमटत नसे. रांगेत सात-आठ माणसं होती. तिला दुसरं जमत नव्हतं म्हणून ती मोठ्याने लिहायला लागली.

"नाव. ए-उ-से-बि-या चांबिया. गाव हांकोउमा. वस्तू: विजेचा गुराखी, पिवळा." पेन इतकं दाबलं जात होतं की खालच्या नकलेच्या पानावरही भोक पडेल असं वाटावं. "काय झालं. फेब्रुवारीत, कार्निव्हालच्या मंगळवारी, आम्ही गुराख्यावर बिअर शिंपडली. अर्धी बाटली. कारण तो घरात नवा होता."

"बरोबर आहे," रांगेतला एक म्हातारा म्हणाला. त्याच्या हातात पाण्याच्या पंपाचं खोकं होतं. "न शिंपता ठेवलेली वस्तू टिकते होय?"

"गुराखी दोन महिने पावसात चालला. मग मेला. आत ओल सापडली. सील शाबूत होतं. मालक म्हणतात, शिंपण केली म्हणून वॉरंटी गेली."

"असं म्हणाले?" म्हाताऱ्याने विलबेरकडे बघितलं.

"तांत्रिक बाब आहे, काका. तुम्ही पुढे या, तुमचं बिल करतो."

एउसेबियाला पुढचा शब्द सुचत नव्हता म्हणून तिने मान वर केली. आणि मग तिला दिसलं. गल्ल्याभोवती, फळ्यांच्या कडांना, छताला टांगलेल्या स्प्रे-पंपांच्या नळ्यांना रंगीत कागदाच्या माळा अजून लोंबत होत्या. उन्हाने विटलेल्या, गुलाबी आणि पिवळ्या. शुक्रवारीही असतीलच; त्या दिवशी तिचे डोळे खाली होते.

"मालक," तिने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम्ही शिंपण नाही केली?"

विलबेरने वर माळांकडे बघितलं. हो म्हणावं तर दुकानातला सगळा माल ओला. नाही म्हणावं तर बाजाराच्या दिवशी, आठ गिऱ्हाइकांच्या तोंडावर, ज्या दुकानदाराने भुईला घोट दिला नाही त्याच्याकडून टाचणीसुद्धा कुणी घेणार नाही.

"ते... थोडं... रीत म्हणून," तो म्हणाला.

"थोडं?" मारिबेलच्या तोंडून निघून गेलं. "दोन पेट्या फोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी फळ्या मीच पुसल्या."

पंपवाल्या म्हाताऱ्याने खोकं उजेडात धरलं. वास घेतला. मग काउंटरवर ठेवलं.

"हे बघा, डाग. आता मला सांगा, याची वॉरंटी आहे का माझ्याआधीच गेली?"

"माझ्या बॅटरीची?" मागून एक बाई.

"पाऊस वेगळा आणि बिअर वेगळी," एउसेबिया म्हणाली. "मालकांनीच सांगितलंय. थांबा, तेही लिहिते."

रांग मोडली. जो तो आपापलं खोकं नाकाला लावायला लागला. कुणी हसत होतं, कुणी खरंच घाबरलं होतं, आणि म्हातारा सारखा एकच वाक्य म्हणत होता, "लिहून द्या. शिंपण चालते असं लिहून द्या, मगच घेतो." विलबेर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. मग तो वळला, फळीवरून एक नवा पिवळा डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"घे. बदलून दिला. कंपनीशी मी बघतो. ते पान फाडून टाक."

तिने डबा उघडायला लावला. झाकणाखालचं रबर बोटाने चारी बाजूंनी चाचपलं. शुक्रवारपासून दुकानातच पडलेल्या मेलेल्या डब्याचं झाकणही मागितलं आणि त्याचं रबर चाचपलं. एका कोपऱ्यात ते करंगळीएवढं तुटकं होतं.  म्हाताऱ्याला बोट लावायला दिलं. त्याने मारिबेलला दिलं. मग तिने बॅटरी लावून टिकटिक ऐकली, आणि पानावर खाली लिहिलं, "डबा मिळाला. सोमवार." सही केली. नक्कल फाडून घेतली, घडी घालून छातीशी ठेवली. मग पान उलटलं.

"आता काय?"

"इथे दोन चौकोन आहेत," एउसेबिया म्हणाली. "एक वस्तूबद्दल, एक वागणुकीबद्दल. वस्तूबद्दलचं झालं. हे दुसरं."

"डबा दिला ना तुला! मामिता, आता काय राहिलं?"

"हेच," ती म्हणाली, आणि लिहायला लागली.  "मला तीन तास जमिनीवर बसवलं. मालक आत जेवत होते. वही होती आणि नाही म्हणाले. माझ्या पायांवर लादी तीनदा पुसली. मला लिहिता येतं का असं विचारलं. मी यांची मामिता नाही. माझं नाव वर लिहिलेलं आहे." मागणी या शब्दापुढे ती जरा थांबली. "मागणी: उत्तर."

"कसलं उत्तर?"

"ते तुम्ही ठरवायचं. पंधरा कामाचे दिवस असतात, इथेच छापलंय." तिने हॅट डोक्यावर नीट बसवली. "लेखी पाठवा. सावकाश लिहा. वाचायलाही मी वेळ लावते."

उन्हं तिरपी होता होता ती घरी पोचली. दिवसभर उन्हावाऱ्यात दगडावर बसून फोर्तुनातोचे ओठ फुटले होते. गाई खुंट्यांभोवती दोर गुंडाळून घेऊन उभ्या होत्या. तिने डबा खांबाला अडकवला, तार जोडली, लोखंडी सळई ओल्या मातीत दगडाने ठोकली. टिक. टिक.

"दिला?" फोर्तुनातो म्हणाला. "सगळं सांगून?"

"बाटलीचा आकडासुद्धा."

तो काठी टेकत तारेपर्यंत आला. आवाजावर त्याचा विश्वास नव्हता; मेलेली घड्याळंही कधीकधी टिकटिकतात म्हणाला. एउसेबियाने सातूचं एक हिरवं ताट उपटलं आणि त्याचं टोक तारेला लावलं. ताट लांब असलं की झटका बोटांना मुंगीसारखा लागतो. ताट जसं पुढे सरकवावं तसा तो वाढत जातो. ती सरकवत गेली. मुंगी, मग सुई, मग कोपरापर्यंत बुक्की.

"चालतोय का नीट?"

"हात दे."

त्याने काठी बगलेत धरली आणि हात दिला. तिने उरलेलं बोटभर ताट तारेला लावलं. झटका तिच्यातून गेला आणि त्याच्यात गेला. फोर्तुनातोने बेनितो व्यापाऱ्याच्या आईवरून, विलबेरच्या बापावरून, हुलियाकातल्या सगळ्या दुकानांवरून अशी एक लांबलचक शिवी हासडली की इपोलिता घरातून बाहेर आली.

"काय झालं गं?"

"काही नाही," एउसेबिया ओरडली. तिने त्याचा हात सोडला नव्हता. "बेनितोला निरोप पाठवतोय. बुधवारी येऊ नको म्हणून."